उलटी पावलं

पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत,
अंकुर वर यायच्या आधी, जमीन ओली असताना.
असं पुडीवर लिहिलंय,
आणि चोपड्याच्या दुकानदारानंही तेच सांगितलं.
एकराला चारशे ग्रॅम. गोल फवाऱ्याचं नोझल नको, पट्ट्याचं लाव.
आणि हे मात्र तीनदा बजावलं:
फवारलेल्यावर पाय देऊ नको,
मागे मागे चाल.

म्हणून अनेरच्या काठी, गजमल पाटलांच्या दादरच्या शेतात
मी पाठीवर सोळा लिटर घेऊन उलटा चालतो.
टाकीमागे साठ रुपये.
समोरचं शेत माझ्यापासून लांब जात राहतं,
काळं, ओलं, काहीही न उगवलेलं.
बांध मागून येतो
आणि न सांगता टाचेला लागतो.

बांधावर माय बसलीय, खुरपं मांडीवर.
तिला कुणी बोलावलेलं नाही.
"उलटा पायस्नी त हडळ ऱ्हास," ती म्हणते,
"तू कव्हय व्हयना?"
मी हसतो. तोंडाला रुमाल आहे,
तिला दिसलं नसेल.

पुडीवर तणाचे दोनच प्रकार:
रुंद पानाचं, अरुंद पानाचं.
मायचं दोनात भागत नाही.
केना, तोडला तरी पेरातून उठणारा.
लव्हाळा, ज्याची गाठ शेवटी सापडतच नाही.
घोळ आणि तांदुळजा तर तण नव्हेतच,
ती संध्याकाळची भाजी, ओट्यात घालून घरी येणारी.
आणि टारफुला, दिसायला गोजिरा,
दादरच्या मुळाला तोंड लावून जगणारा;
तो उपटताना ती त्याचं नावही घेत नसे.

अकरा जणींची पात होती तिची.
गुलबामावशी आता जिनिंगमध्ये,
विमल सावद्याला केळीच्या खोक्यांत कागद घालते,
बाकीच्यांचं मला माहीत नाही, मायला असेल.
विचारलं तर म्हणते, बरं झालं, गुडघे वाचले.
मग बसल्या बसल्या गुडघे चोळते.

महिन्यानं शेत सारवलेल्या ओट्यासारखं.
दोन ओळींमध्ये पाखराला लपायला काडी नाही.
गजमल पाटील पाहुण्यांना मुद्दाम त्या वाटेनं नेत.
फक्त कडेला मायनं चोरून टाकलेली
मूठभर अंबाडी उगवलीच नाही.
पुडीवर अंबाडीचं नाव नव्हतं.
ती बसते रुंद पानात.

मग दादर पोटरीत आला आणि पाटलांचा फोन:
"तुझ्या आईला घेऊन ये."

बरू.
तेच पान, तीच उंची, तोच हिरवा,
दादरच्या ओळीत दादर होऊन उभा.
दुकानदाराला विचारलं होतं त्यांनी.
तो म्हणाला, याला मारायचं तर दादरही मरेल,
भावकी आहे त्यांची.

माय सरळ शेतात शिरली, पुढे पुढे,
एकेका ताटाला गुडघ्याखाली चाचपत.
काही ठेवले, काही मुळासकट काढले.
"पान नको दखू," मला म्हणाली, "बुडखा दख."
मी बुडखा पाहिला. नीट पाहिला.
उपटला तो दादर निघाला.
ती रागावली नाही.
त्याच खड्ड्यात तो पुन्हा खोचला,
टाचेनं माती दाबली,
जगणार नाही हे दोघांनाही ठाऊक असताना.

दिवस कलला तेव्हा तिच्या हातात तीनशे रुपये.
माझ्या पाच टाक्या, मी मनात म्हटलं.
ती पुढे, मी मागे, बांधावरून घरी.
जिथं मी त्या दिवशी पंप धुतला होता
तिथं हातभर गवत अजून जळकं होतं.
ती काही बोलली नाही.
लुगडं जरा वर धरून
वळसा घालून गेली.